कुत्री माजावर आली की : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण सरत आला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, फरशीवर रक्ताचे थेंब दिसतायत." "ताई, गेटबाहेर सहा कुत्रे येऊन बसलेत." आणि सगळ्यांत जास्त वेळा, "ताई, जरा गडबड झाली, आता काय करायचं?" मी पशुवैद्य नाही. घरात एकामागून एक चार कुत्र्या वाढवल्या, गल्लीतल्या कितीएक नसबंदीला नेल्या आणि परत आणून सोडल्या. त्यातून जे शिकले आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे पक्कं करून घेतलं, ते इथे आहे. हे वाचून डॉक्टरांची पायरी चुकवू नका. पण त्यांच्याकडे कधी धावायचं आणि कधी नुसतं गेटला कडी घालून बसायचं, एवढं यातून कळावं.

काहींना 'कुत्री' म्हणायला जड जातं, म्हणून 'फीमेल' म्हणतात. मी कुत्रीच म्हणणार आहे. आणि माजाला माजच.

फरशीवर रक्त दिसलं. म्हणजे तिला पाळी आली का?

नाही. रक्त दिसतं तसंच, पण ही पाळी नव्हे. हा शब्दांचा कीस वाटेल, पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक 'गडबडी' याच एका गैरसमजातून होतात.

बाईच्या शरीरात गर्भाशयाचं अस्तर तयार होतं, गर्भ राहत नाही, मग ते अस्तर गळून पडतं. ती पाळी. म्हणजे रक्त येतं ते एक फेरा संपताना. कुत्रीचं उलटं आहे. तिच्या अंडाशयात अंडी पिकायला लागली की इस्ट्रोजेन हे हॉर्मोन वाढतं, गर्भाशयाच्या अस्तरात रक्त भरतं आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतून ते झिरपतं. तेच थेंब आपल्याला फरशीवर दिसतात. फेरा संपलेला नसतो, आत्ता कुठे सुरू झालेला असतो. कुत्रीला गर्भ राहण्याचे दिवस या रक्तानंतर येतात.

गाईचं आणखी तिसरंच. तिचा माज एक दिवसही पुरता टिकत नाही आणि माज उतरल्यावर एकदोन दिवसांनी अनेक कालवडींच्या शेपटीला रक्त लागलेलं दिसतं. गावाकडे आमच्या काकांनी गाईचाच हिशोब कुत्रीला लावला : रक्त दिसलं म्हणजे माज गेला, सोडा तिला. दोन महिन्यांनी गोठ्यात सात पिल्लं होती.

माज एकूण किती दिवस चालतो?

रक्त दिसल्यापासून तीन आठवडे धरा, चार आठवडे जपा. आत काय चाललंय ते समजलं तर हे दिवस मोजणं सोपं जातं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पहिला टप्पा साधारण नऊ दिवसांचा. पण तीन दिवसांतही उरकतो आणि सतरा दिवसही रेंगाळतो. शूची जागा सुजून टणक होते, लालभडक थेंब पडतात, ती सारखी चाटत बसते, फिरायला नेलं की दर खांबापाशी थोडी थोडी शू करते. ही शू म्हणजे जाहिरात. आजूबाजूचे कुत्रे ती वाचून दारात हजर होतात. पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही. गुरगुरते, खाली बसते, शेपटी पायात घालते. हे पाहून घरचे म्हणतात, "आमची फार सोज्वळ आहे हो."

मग दुसरा टप्पा, खरा माज. तोही सरासरी नऊ दिवसांचा, कमीजास्त तीन ते एकवीस. सूज असते, पण ती जागा आता मऊ पडते. रक्ताचा रंग फिकट होतो, गुलाबी किंवा गव्हाच्या काडीसारखा पिवळसर. काहींचं रक्त बंद होतं, काहींचं शेवटपर्यंत लालच राहतं, म्हणून रंगावर फार भरवसा नको. भरवशाची खूण शेपटीची. कमरेवर, शेपटीच्या मुळाशी हात ठेवलात की ती पाय रोवून उभी राहते आणि शेपटी एका बाजूला वळवते. कालपर्यंतची सोज्वळ बाई आज गेटखालून बाहेर पडायची वाट शोधत असते.

या टप्प्याच्या सुरुवातीच्या सुमारास अंडी सुटतात. ती सुटताना कच्ची असतात, पक्व व्हायला आणखी दोनतीन दिवस लागतात. आणि कुत्र्याचं बीज कुत्रीच्या पोटात पाचसात दिवस जिवंत राहू शकतं. दोन्ही एकत्र धरा, म्हणजे "एकदाच झालं आणि तेही लवकर झालं" यात काही दिलासा नाही हे ध्यानात येईल.

तिसरा टप्पा जवळपास दोन महिन्यांचा. बाहेरून काहीच दिसत नाही, ती कुत्र्यांना हाकलून देते, सगळं आटोपलं असं वाटतं. आतमध्ये प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ सांभाळणारं हॉर्मोन, चढलेलं असतं, गर्भ राहिलेला असो वा नसो. या दोन महिन्यांबद्दल पुढे वेगळं लिहिलंय, ते चुकवू नका. त्यानंतर तीनपाच महिने अंडाशयं विश्रांती घेतात.

पहिला माज कितव्या महिन्यात येतो?

पॉमेरियन, पग अशा लहान चणीच्या कुत्र्यांना सहा ते दहा महिन्यांत. लॅब्रेडॉर साधारण वर्षाच्या आतबाहेर. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड यांच्यासारख्या थोराड जातींत दीड वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. दोन वर्षं उलटली आणि काहीच नाही, तर दाखवून घ्या. बऱ्याचदा येऊन गेलेला असतो, तुम्हालाच कळलेलं नसतं.

वर्षातून किती वेळा? आणि हे भाद्रपदाचं खरं आहे का?

घरातल्या बहुतेक कुत्र्यांना सहा-सात महिन्यांनी, म्हणजे वर्षातून ढोबळमानाने दोनदा. जर्मन शेफर्ड काही वेळा चारपाच महिन्यांतच परत येते. बसेंजी आणि तिबेटी मॅस्टिफ वर्षातून एकदाच. पहिली दोनेक वर्षं अंतर वेडंवाकडं असतं, नंतर प्रत्येकीचा आपला एक ठेका बसतो.

भाद्रपदाचं म्हणाल तर आपल्या आजीपणजीचं निरीक्षण पक्कं होतं. भादव्यातल्या कुत्र्यांवरून आपल्याकडे माणसांना किती टोमणे मारले जातात ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहेत. आपल्या गावठी कुत्र्या मुख्यतः पावसाळा सरताना माजावर येतात आणि त्यांची पिल्लं दोन महिन्यांनी, थंडीच्या तोंडाला जन्मतात. कार्तिक-मार्गशीर्षात वाळूच्या ढिगात आणि पार्क केलेल्या गाड्यांखाली पिल्लं दिसतात ती यामुळेच. घरात वाढलेल्या परदेशी जातींना मात्र भाद्रपद आणि चैत्र सारखेच. गावठी कुत्री घरात पाळली तर? आमच्या चारपैकी दोघी गावठी होत्या. एक इमानेइतबारे गणपतीतच यायची, दुसरीनं पंचांग कधी मानलंच नाही.

रक्त पडलेलंच दिसलं नाही, तरी कुत्रे मागे लागलेत. असं होतं का?

होतं. काही कुत्र्या इतक्या स्वच्छ असतात की थेंब पडायच्या आधीच चाटून टाकतात. अंगावर दाट केस असतील तर सूजही दिसत नाही. शंका असेल त्या दिवसांत ती झोपते तिथे जुनी पांढरी चादर किंवा धोतराचा तुकडा अंथरा, सकाळी डाग कळतो. काहींना 'मुका माज' येतो, म्हणजे आत सगळं व्यवस्थित घडतं आणि बाहेर खूणच नाही. कुत्र्यांना तो कळतो, आपल्याला नाही.

याच्या उलट प्रकार 'तुटक माज'. आठवडाभर रक्त दिसतं, मग सगळं थंड, आणि दोनचार आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या वेळी अंडी सुटलेलीच नसतात. तरुण कुत्र्यांत हे पुष्कळदा दिसतं, आजार नाही. पण दुसऱ्या वेळेला दिवस नव्यानं मोजा.

रक्त थांबलं. आता नेहमीसारखं मोकळं सोडू ना?

हाच तो प्रश्न. नाही.

रक्त थांबलं किंवा फिकट झालं म्हणजे बहुतेक वेळा धोक्याचे दिवस आत्ता लागलेत. दहा दिवस घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून राखण केलेली असते, अकराव्या दिवशी फरशी कोरडी दिसते, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि संध्याकाळी पट्टा न लावता खाली नेतात. नेमक्या त्याच संध्याकाळी ती पळते.

कॅलेंडरवर, म्हणजे भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाशेजारी पहिल्या थेंबाच्या तारखेला लाल खूण करा. तिथून अठ्ठावीस दिवस पट्टा सुटता कामा नये. त्यानंतरही सोडायचं कधी? सूज पूर्ण उतरली, कुत्र्यांनी दारात बसणं सोडलं आणि ती त्यांच्यावर पुन्हा गुरगुरायला लागली, तर. या तिन्ही गोष्टी झाल्या नसतील तर आणखी थांबा.

सोसायटीत राहतो. गेटवर कुत्रे जमतात, शेजारी तक्रार करतात. काय करावं?

पहाटे आणि रात्री उशिरा, वर्दळ नसताना न्या. शक्य असेल तर गेटपासून थोडं अंतर तिला उचलून किंवा गाडीतून न्या, म्हणजे वासाची रेघ थेट तुमच्या जिन्यापर्यंत येणार नाही. पट्टा छातीवरून जाणारा घ्या. गळ्यातल्या पट्ट्यातून मान काढून पळालेल्या कुत्र्या मी पाहिल्यात. लिफ्टमध्ये डाग पडला तर पुसायला फडकं बरोबर ठेवा. भांडण डागावरून सुरू होतं आणि कुत्रं पाळण्यावर जातं.

डायपर चालतो. लहान मुलांच्या डायपरला शेपटीपुरतं भोक पाडलं तरी काम भागतं. तीनचार तासांनी बदला, रात्री काढून ठेवा, नाहीतर कातडी लाल होऊन पुरळ येतं. पण डायपर फरशीसाठी आहे. कुत्र्याला तो अडवत नाही.

वास मारायला म्हणून कापूर, डांबरगोळ्या, फिनेल, बाम यातलं काहीही तिच्या अंगाला किंवा झोपायच्या जागी लावू नका. ती चाटणार, आणि कापूर आणि डांबरगोळ्या कुत्र्यांना विषारी आहेत. साध्या कोमट पाण्यानं पुसून घ्या. आंघोळही घालता येते.

वॉचमनना आधी सांगून ठेवा. आमच्या बिल्डिंगचे काका त्या दिवसांत पोरांना दगड मारू देत नाहीत, कुत्रे नुसते हाकलतात. त्यांच्या चहाचे पैसे मी सत्कारणी धरते.

ती जेवत नाही, कुणकुणते, चिडचिड करते. दुखत असेल का?

थोडी भूक मंदावणं, अंगाला चिकटून बसणं किंवा उलट एकटं राहणं हे या दिवसांत चालतं. माणसाच्या घरातली पेनकिलर मात्र देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्यांना घातक ठरू शकतात. दोन दिवस अजिबातच खाल्लं नाही, ताप किंवा उलट्या असतील तर तो माज नाही, दाखवा.

घरातच भाऊ-बहीण आहेत. ते एकमेकांना ओळखतात ना?

नाती आपल्याला. त्यांना नाहीत. तीन-चार आठवडे वेगळ्या घरी ठेवणं उत्तम, कारण एकाच घरात बंद दाराच्या दोन बाजूंना दोघं ठेवली तर झोप कोणालाच मिळत नाही. आणि कुत्र्याची नसबंदी नुकतीच झाली असेल तर निर्धास्त राहू नका, ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्यात बीज शिल्लक असू शकतं.

दोघं अडकलीत! पाणी ओतू का?

नको. ओढू नका, मारू नका, पाणी ओतू नका. आपल्या गल्ल्यांतून पोरं दगड मारतात आणि मोठी माणसं हसत उभी राहतात, ते पाहून मला आजही संताप येतो. कुत्र्याच्या लिंगाच्या मुळाशी एक गाठ असते, ती आत फुगते आणि दोघं पाच ते तीस मिनिटं सुटू शकत नाहीत. तो वळून पाठीला पाठ लावून उभा राहतो. जबरदस्तीनं सोडवलं तर दोघांनाही आतून जखमा होतात. शिवाय अडकता अडकताच जे जायचं ते गेलेलं असतं, सोडवून काही टळत नाही. कुत्रीचं डोकं शांतपणे धरून ठेवा, बसू देऊ नका, आणि वाट पाहा. सुटली की तारीख लिहून ठेवा.

अडकली नाहीत, तरी गर्भ राहू शकतो. आणि त्याच माजात आणखी दोन कुत्रे येऊन गेले तर एकाच वेतात वेगवेगळ्या बापांची पिल्लं निघतात. एक काळं, एक ठिपक्यांचं, एक हुबेहूब शेजारच्या रॉकीसारखं.

"ते" होऊ नये म्हणून मेडिकलमधून इंजेक्शन किंवा गोळी मिळते का?

काउंटरवर कोणी देत असेल तरी घेऊ नका. माज पुढे ढकलायचं जे इंजेक्शन पूर्वी सर्रास दिलं जायचं, ते प्रोजेस्टेरॉनच्याच कुळातलं. त्यानं माज थांबतो, पण पिशवीत पू होण्याचा आणि मधुमेहाचा धोका वाढतो. गडबड झाल्यावर देत असत ते इस्ट्रोजेनचं इंजेक्शन तर हाडांतल्या मगजावर घाला घालू शकतं, मग रक्तच तयार होत नाही. माणसांच्या गर्भपाताच्या गोळ्या घरी देणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

मग काय? डॉक्टरांकडे तारखेसह जा. आधी खरंच गर्भ राहिलाय का ते पाहिलं जातं, कारण अनेकदा राहिलेला नसतोच. पुढे कधीच पिल्लं नको असतील तर काही आठवड्यांनी नसबंदीच करून घेणं हा सरळ मार्ग. औषधांनी गर्भ थांबवण्याचे मार्गही आहेत, त्यासाठी परदेशात अॅग्लेप्रिस्टोन नावाचं औषध वापरतात, पण हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखालीच.

गाभण आहे हे कधी कळतं? किती दिवसांनी विते?

साधारण चार आठवड्यांनी सोनोग्राफीत कळतं. पिल्लं किती आहेत हे नक्की मोजायचं तर शेवटच्या आठवड्या-दोन आठवड्यांत एक्स-रे. अंडी सुटल्यापासून त्रेसष्टाव्या दिवशी, एखादा दिवस मागेपुढे. मिलनाच्या तारखेपासून मोजाल तर हिशोब सत्तावन्न ते बहात्तर दिवसांपर्यंत लांबतो, कारण ते बीज अंड्यांची वाट पाहत थांबलेलं असू शकतं.

कुत्रा जवळही आला नाही, तरी दूध फुटलंय. कसं शक्य आहे?

अगदी शक्य आहे. हे खोटं गाभणपण. मघाशी म्हटलं तसं, गर्भ असो-नसो, दोन महिने प्रोजेस्टेरॉन चढलेलंच असतं. ते उतरायला लागलं की दूध आणणारं प्रोलॅक्टिन वाढतं, आणि शरीर समजतं की आपण व्यायलो. माजानंतर सहा ते बारा आठवड्यांत आचळं भरतात, ती पलंगाखाली चिंध्या ओढून घरटं करते. आमच्या चिमीनं एकदा माझ्या सासूबाईंची लोकरीची टोपी दहा दिवस 'पाजली'. कोणी हात लावला की दात दाखवायची. लांडग्यांच्या कळपात एकीच्या पिल्लांना बाकीच्या माद्याही सांभाळतात, त्याचाच हा वारसा असावा असं मानतात.

दूध पिळू नका, चोळू नका, शेकू नका. जितकं काढाल तितकं येईल. टोपी, सॉफ्ट टॉय, जे काही 'पिल्लू' असेल ते ती फिरायला गेली असताना नाहीसं करा. चालणं वाढवा. ती स्वतः चाटत असेल तर गळ्यात चाटू न देणारा प्लॅस्टिकचा कोन घाला. बहुतेकींचं दोनतीन आठवड्यांत निवळतं. आचळ कडक, गरम, लाल झालं तर तो संसर्ग, लगेच दाखवा. फारच त्रास असेल तर दूध आटवायचं औषध डॉक्टर लिहून देतात. या काळात नसबंदी सहसा करत नाहीत, हॉर्मोन एकदम पडून हाच प्रकार लांबण्याची भीती असते.

माजानंतर महिना-दीड महिन्यानं ती फार पाणी पिते. ऑक्टोबर हीटमुळे ना?

इथे थांबून नीट वाचा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

माजाच्या दिवसांत गर्भाशयाचं तोंड उघडं असतं आणि आतड्यांतले जंतू, बहुधा ई. कोलाय, आत शिरू शकतात. पुढचे दोन महिने प्रोजेस्टेरॉनमुळे अस्तर जाड होतं, त्यातून पातळ द्रव सुटतो, तोंड मिटतं आणि तिथली प्रतिकारशक्तीही दबते. जंतूंना याहून चांगलं घर मिळणार नाही. पिशवीत पू भरतो. याला पायोमेट्रा म्हणतात. प्रत्येक माजागणिक अस्तर थोडं थोडं बिघडत जातं, म्हणून वय वाढलेल्या आणि कधीच न व्यायलेल्या कुत्र्यांत जास्त. स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांच्या विम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा नसबंदी न झालेल्यांपैकी जवळजवळ चारांतल्या एकीला दहा वर्षं वयाच्या आत हा आजार झालेला दिसला.

तो दिसतो कधी? माजानंतर बहुधा चार ते आठ आठवड्यांनी. म्हणजे गणपतीत माजावर आलेलीची पिशवी दिवाळीच्या आसपास बिघडते. मधल्या काळात असतो ऑक्टोबर. ओळखीच्या एका घरातली सात वर्षांची लॅब बादलीभर पाणी प्यायची, घरात शू करायची, ताटाकडे पाहायची नाही. सगळे म्हणाले, उकाडा आहे. पाच दिवस गेले. पोट फुगलं तेव्हा आणली. तातडीनं ऑपरेशन झालं आणि वाचली, पण नरकचतुर्दशीची पहाट त्या घरानं दवाखान्याच्या बाकावर काढली.

लक्षणं : खूप तहान, खूप शू, उलट्या, मरगळ, भूक गेलेली, कधी ताप. तोंड उघडं असेल तर मागून घाण वासाचा पू येतो, आणि ते खरं तर नशीब, कारण कळतं तरी. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच येत नाही, नुसतं पोट तटतटतं. तो प्रकार जास्त घातक. सोनोग्राफी आणि रक्ततपासणी त्याच दिवशी. उपचार म्हणजे बहुतेक वेळा पिशवी काढणं. "आधी आठवडाभर गोळ्या देऊन पाहू" असं कुणी म्हणालं तर त्याच दिवशी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

नसबंदी कधी करावी? पहिल्या माजाआधी की नंतर?

यावर डॉक्टरांतही एकमत नाही, त्यामुळे एका वाक्यात उत्तर देणाऱ्याकडून सावध राहा.

पहिल्या माजाआधीच्या बाजूनं मोठा मुद्दा स्तनाच्या गाठींचा. १९६९ साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासातले आकडे सगळीकडे सांगितले जातात : नसबंदी न केलेल्यांच्या तुलनेत धोका पहिल्या माजाआधी केली तर अर्धा टक्का, एका माजानंतर आठ टक्के, दोन माजांनंतर सव्वीस टक्के. पण २०१२ मध्ये या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही असा निष्कर्ष निघाला. दुसऱ्या बाजूनं, मोठ्या चणीच्या जातींत वाढ पुरी व्हायच्या आत ऑपरेशन केलं तर सांध्यांचे त्रास वाढू शकतात, आणि काही कुत्र्यांना पुढे झोपेत शू गळण्याचा त्रास होतो, त्यावर औषध आहे.

माझं मत विचाराल तर गावठी आणि लहान चणीची, मोकळ्या आवारात राहणारी कुत्री असेल तर सहा महिन्यांच्या सुमारास उरका. गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, ग्रेट डेन असेल आणि तुम्ही खरोखर राखण करू शकत असाल, तर एक माज जाऊ द्या. स्वतःलाच विचारा, तुमच्या घरचं दार दिवसातून किती वेळा उघडं राहतं?

माजात असताना मात्र टाळा, तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. माज संपून दोन-तीन महिने झाले की चांगली वेळ. नंतर वजन वाढतं हे खरं, पण ते ऑपरेशननं कमी आणि आपण ताटात वाढतो त्यानं जास्त.

एकदा तरी आई होऊ द्यावी, नाहीतर पाप लागतं, असं आई म्हणते.

आईंना नमस्कार सांगा. एक वेत झाल्यानं कुत्रीची तब्येत सुधारते याला वैद्यकीय आधार नाही. ती आईपणाची आस धरून बसलेली नसते. सात पिल्लांना सात चांगली घरं आधी शोधून ठेवलीत का, हा प्रश्न आईंनाच विचारा. हौसेनं पिल्लं काढून विकायची असतील तर २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आधी नोंदणी लागते, कुत्री दीड वर्षाची झालेली असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. आणि मिलनाचे दिवस हातानं मोजत बसू नका, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासून डॉक्टर नेमका दिवस सांगतात.

ऑपरेशन झालंय, तरी पुन्हा माजावर आल्यासारखी करते.

अंडाशयाचा बारीकसा तुकडा आत राहून गेला असेल तर असं होतं. लक्षणं दिसत असतानाच नेऊन तपासा, निवळल्यावर पकडणं कठीण. कधी कारण साधं मूत्रमार्गाच्या संसर्गाचं असतं.

रक्त दीड महिना झाला तरी थांबत नाही.

मग तो माज नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याशी संबंध आलेला असेल तर आपल्याकडे पहिला संशय टीव्हीटीचा, म्हणजे संबंधातून पसरणाऱ्या गाठीचा. योनीत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी ठिसूळ गाठ वाढते, त्यातून थेंब थेंब रक्त पडत राहतं. नाव कॅन्सरचं असलं तरी घाबरू नका, व्हिनक्रिस्टिनच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी बहुतेकी पूर्ण बऱ्या होतात. मात्र इंजेक्शनं मध्येच सोडू नका.

म्हातारपणी माज बंद होतो ना?

नाही. कुत्रीला रजोनिवृत्ती नाही. अंतर वाढतं, खुणा फिक्या होतात, पण माज येतच राहतो. अकरा वर्षांच्या कुत्रीला "बंद होऊन दोन वर्षं झाली" आणि आता अचानक रक्त दिसलं, तर माज समजून बसू नका, तपासून घ्या.

या दिवसांत तिला देवघरात येऊ द्यावं का?

हे मला दर वर्षी कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं. ही पाळी नाही हे वर सांगितलंच, तेव्हा ज्या घरी पाळीचा विटाळ मानतात त्यांच्याही नियमात ती बसत नाही. आमच्या सासूबाईंनी यावर स्वतःच तोडगा काढला. गौरी बसल्या की चिमी दाराबाहेर, पायपुसण्यावर, आणि नैवेद्याचं पहिलं पुरणपोळीचं बोट तिला. पुरणपोळी कुत्र्यांना चांगली नाही हे मी सांगून पाहिलं. चाललं नाही.

गल्लीतली कुत्री माजावर आलीये. तिला ऑपरेशनला नेता येईल का?

कानाला खाच आहे का ते आधी बघा. असेल तर तिचं झालेलं आहे आणि कुत्रे बहुधा दुसऱ्याच कुणासाठी जमलेत. नसेल तर महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नसबंदी विभागाला कळवा. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस देऊन तिला उचललं त्याच जागी परत सोडायचं असतं. ऐन माजात बरीच केंद्रं थांबायला सांगतात, तेव्हा नाव नोंदवून ठेवा आणि रोज एकाच वेळी, एकाच जागी खायला घाला, म्हणजे गाडी येईल त्या दिवशी ती सापडेल. पाठलाग करून, जाळं टाकून पकडलेली कुत्री पुन्हा महिनाभर माणसाजवळ येत नाही. हातातली चपाती खाताना उचललेली आठवड्यात परत शेपूट हलवते.